चाळीस लिटरची टाकी आणि घाटाकडची वाडी

अरविंदने घराबाहेर रात्र काढल्याला दोन वर्षं उलटून गेली होती. त्याला फुप्फुसांचा आजार आहे. दिवसा बसल्या जागी तो बरा असतो, पण झोपताना आणि धाप लागली की ऑक्सिजनचं मशीन लागतंच, आणि ते विजेवर चालतं. म्हणून आम्ही पुण्यातल्या घरातून हललोच नव्हतो. मग नाशिकच्या एका जोडप्याने त्यांचा जुना ट्रेलर विकायला काढल्याचं कळलं. जीपमागे ओढायची दोन पलंगांची खोलीच ती. आत छोटा ओटा, पुढच्या पेटीत डिझेलवरचा जनरेटर आणि त्याखाली टाकी. कागदावर लिहिलं होतं : टाकी, चाळीस लिटर. जनरेटर तासाला साधारण लिटरभर डिझेल खातो, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. मी मनात चाळीस तास असा हिशोब केला आणि ट्रेलर घेतला.

कुठे जायचं हे अरविंदचं ठरलेलंच होतं. तो भूमापक होता. नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं त्याने जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत मोजणी केली, तेव्हा साखळीचं दुसरं टोक धरायला धोंडू नावाचा त्याच्याच वयाचा एक माणूस असायचा. गेल्या वर्षी धोंडूच्या सुनेने कुठून तरी नंबर मिळवून जुन्नरच्या बाजारातून फोन लावून दिला. दोघं म्हातारे फोनवर नुसतं 'कसा आहेस, बरा आहेस ना' एवढंच पाच-सहा वेळा म्हणाले. फोन ठेवल्यावर अरविंद मला म्हणाला, "शैला, मला एकदा तिकडे जायचंय." त्याने गेल्या दोन वर्षांत मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

मंचर

गाडी मी चालवते. ट्रेलर जोडून सरळ जाणं मला जमतं. मागे घेणं अजून जमत नाही. मंचरला न्याहारीसाठी थांबलो आणि निघताना माझा ट्रेलर कांद्याच्या दोन ट्रकांमध्ये असा काही अडकला की दोन्हीकडची वाहतूक थांबली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जाई. शेवटी एक ट्रकवाला खाली उतरला. त्याने मला हसणं टाळण्याचा चांगला प्रयत्न केला.

"काकू, मागं बगूच नका. मी सांगतो तसं फिरवा. आता उलटं. अजून उलटं. बास!"

सुटले. पण त्या गडबडीत जनरेटरच्या टाकीत डिझेल भरून घ्यायचं राहिलं. काटा अर्ध्यावर होता. अर्धं म्हणजे वीस लिटर, वीस तास. आणि पहिला मुक्काम आण्याला, ओळखीच्यांकडे होता; तिथे तर घरातली वीज मिळणारच होती. पुढे बघू, असं म्हणून मी निघाले.

आणे

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने वळलं की थोड्या वेळाने घाट चढावा लागतो आणि वर एकदम मोकळं पठार लागतं. खाली नारायणगावच्या बाजूला ऊस, द्राक्षं, टोमॅटो, सगळं हिरवंगार. वर वारा, बाजरीची रिकामी रानं आणि लांबवर पसरलेलं आकाश. माझ्या मैत्रिणीचे चुलतभाऊ किसनराव आणि त्यांची बायको सुमनताई इथे राहतात. त्यांच्या अंगणात ट्रेलर उभा केला आणि मशीनची वायर त्यांच्या ओसरीवरच्या प्लगला लावली.

संध्याकाळी सुमनताईंनी आमटी-भाकरी वाढली. आमच्या घरची आमटी म्हणजे गूळ-आमसूल घातलेली, भातावर घ्यायची. इथली काळसर, मसाल्याची, झणझणीत, आणि ती वाडग्यात घेऊन भाकरी चुरून खायची. अरविंदला तिखट वर्ज्य आहे. त्याने दोन वाडगे खाल्ले. मी डोळे वटारले तेव्हा किसनराव म्हणाले, "खाऊ द्या वो ताई. एवड्या लांबून आलंत पावणं."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुरुस्तीच्या कामासाठी दिवसभर वीज बंद राहणार, हे किसनरावांना ठाऊक होतं. मला सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. आठ वाजता वीज गेली. त्यात शेजारी बाजरीचं मळणीयंत्र चालू झालं होतं आणि वाऱ्याबरोबर भुसा सगळीकडे उडत होता. अरविंदला सकाळपासूनच धाप लागली. मी जनरेटर सुरू केला, खिडक्या लावल्या आणि त्याला पलंगावर निजवलं. काटा अर्ध्यावर. वीस तास. मी निश्चिंत होते.

दुपारी चारच्या सुमाराला जनरेटर दोनदा खोकल्यासारखा झाला आणि बंद पडला. काटा पाव टाकीच्याही वर होता. मी बटण दाबत राहिले. आतून मशीनचा कर्कश भोंगा वाजू लागला, वीज गेली की वाजतो तो. मी छोटा सिलिंडर उघडून नळी त्याला जोडली. सिलिंडर दोन तास पुरतो. अरविंदने घड्याळाकडे बघितलं. मी किसनरावांना हाक मारली.

किसनराव गोठ्यातून धावत आले. मी म्हटलं, "टाकीत डिझेल आहे हो! दहा लिटर तरी आहे."

त्यांनी झाकण उघडून तोंडाशी कान लावला आणि टाकीवर थाप मारली. "हाय की डिझेल. पन ते इंजनाच्या कामाचं न्हाई. नळी वर राहिली आसंल." मग त्यांनी ट्रॅक्टरसाठी ठेवलेला डिझेलचा कॅन आणून ओतला. मी बटण दाबलं. तरीही सुरू होईना.

"हवा धरलीया," ते म्हणाले. "आमच्या हिरीवरच्या इंजनालाबी आसंच व्हतं. पाना आना, बारीक."

त्यांनी पंपावरचा एक नट सैल केला आणि छोटी दांडी वरखाली करत राहिले. नटाच्या कडेने फेस येत होता. अर्धा तास, तास, फेसच. सुमनताई आत अरविंदजवळ बसून त्याला वारा घालत होत्या. त्याला वाऱ्याची गरज नव्हती, पण त्यांचं तिथे बसणं मला फार मोठं वाटलं. अखेर फेस थांबला आणि स्वच्छ डिझेल येऊ लागलं. किसनरावांनी नट आवळला. "दाबा ताई." जनरेटर सुरू झाला. सिलिंडरचा काटा तेव्हा लाल पट्ट्याला टेकला होता.

त्या संध्याकाळी मी अरविंदला सांगितलं, "उद्या आपण घरी जातोय."

तो उठून बसला. मग म्हणाला, "टाकी चाळीसची आहे, पण आपल्या उपयोगाची किती, हे आपल्याला माहीत नव्हतं. एवढंच चुकलं. ते मोजता येतं. आधी मोजू. आकडा बघून तू म्हणशील ते."

इतक्या दिवसांत तो प्रथमच माझ्याशी आजारी माणसासारखा बोलत नव्हता. मी हो म्हटलं.

जुन्नर

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेच्या टोकाला, शाळेच्या भिंतीलगत, रफिकभाईंचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पत्ता किसनरावांनीच दिला होता. रफिकभाई साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आमची हकिगत ऐकून घेतली आणि टाकीतून जनरेटरकडे जाणारी नळी उपसून काढली. टाकीच्या बाजूला धरून दाखवली. नळीचं तोंड तळापासून चांगलं चार बोटं वर राहत होतं.

"लांब नळी घालून द्या ना मग," मी म्हटलं. "तळापर्यंत."

"देतो की. पन नका घालू," ते म्हणाले. "खाली गाळ असतो, पानी असतं. ते वढलं तर पंपच जाईल. बनवणाऱ्यानं इचार करूनच वर ठेवलंय. तुमाला फकस्त कुनी सांगितलं न्हाई."

अरविंद तोवर दुकानाच्या सावलीत स्टुलावर बसला होता. मशीन दुकानातल्या प्लगला लावलेलं, नाकात नळी, मांडीवर वही. त्याने रफिकभाईंकडे पाच लिटरचं माप आणि एक सरळ काठी मागितली. नंतरचे अडीच तास त्या दुकानात दुसरं काही काम झालं नाही. रफिकभाईंनी टाकी पूर्ण उपसली. मग अरविंद सांगेल तसं मापाने मोजून पुन्हा भरायला सुरुवात केली. दर पाच लिटरनंतर मी काठी टाकीत उभी बुडवायची, ओल्या खुणेवर अरविंद चाकूने खाच पाडायचा.

"काठी तिरकी गेली. परत."

"अरे, एवढ्या तेवढ्याने काय होतं?"

"परत," तो म्हणाला, आणि रफिकभाई माझ्याकडे बघून हसले.

टाकीचा तळ निमुळता असल्यामुळे खाचा सारख्या अंतरावर येत नव्हत्या. काटा खोटं का बोलत होता तेही त्यावरून कळलं. नळीचं तोंड बुडायला अकरा लिटर लागले. गळ्यापर्यंत भरली तेव्हा अडतीस झाले, चाळीस कधी नव्हतेच. म्हणजे कामाचं डिझेल सत्तावीस लिटर. मला वाटलं, संपलं. पण अरविंदने विचारलं, "आणि उतारावर उभा केला तर?"

नळी टाकीच्या मागच्या बाजूला होती. रफिकभाईंनी जॅकने ट्रेलरचं पुढचं तोंड वीतभर खाली घेतलं, टाकीतलं डिझेल पुढे सरकलं, आणि नळीने सोळा लिटर शिल्लक असतानाच हवा ओढायला सुरुवात केली. म्हणजे उतारावर बावीसच. अरविंदने काठीवर सोळाचीही खाच पाडली आणि वहीत बावीस लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग घड्याळ लावून तासाभरात किती जळतं तेही बघितलं : लिटरला किंचित कमी. रात्रीचे नऊ तास, दुपारचे दोन. दोन दिवसांचे बावीस. वर दहा लिटरचा एक कॅन आणि पुन्हा भरून घेतलेला सिलिंडर, फक्त अडचणीसाठी. वाडीत वीज असेल तर प्रश्नच नव्हता, पण ती नाही असं धरून दोन रात्री निघत होत्या.

वही माझ्या हातात देऊन तो थांबला. त्याने 'जाऊया' म्हटलं नाही. मी आकडे पुन्हा एकदा बेरीज करून बघितले. दोन वर्षं मी भीतीवर घर चालवत होते. पहिल्यांदाच भीतीच्या जागी एक संख्या होती.

"दोन रात्री," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं."

घाटाकडची वाडी

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की माणिकडोह धरणाचं पाणी बराच वेळ सोबत येतं. मग आपटाळे मागे पडतं, रस्ता अरुंद होतो आणि शेतं पायऱ्यापायऱ्यांची होत जातात. भात कापणीला आलेला होता. काही खाचरांत कापून आडवा पडला होता, आणि त्याचा उबदार वास सगळ्या रस्त्याभर होता. जीवधन किल्ल्याचा कडा दिसायला लागला तसा अरविंद पुढे वाकून बसला आणि मला वळणं आधीच सांगू लागला.

धोंडू वाडीच्या तोंडाशी उभा होता. सकाळपासून उभा होता, असं त्याची सून मनीषा नंतर म्हणाली. वाळलेला, ताठ, डोक्याला फडकं. अरविंद जीपमधून हळूहळू उतरला. धोंडूने त्याच्या नाकातली नळी बघितली, मग पाठीवरची सिलिंडरची पिशवी बघितली, आणि काही न विचारता पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चला सायेब. वाईच चढ हाय. मी हाय म्हागं."

वीज नव्हती. रोहित्र जळून आठ दिवस झाले होते. ट्रेलर उभा करायला सपाट जागा म्हणजे खळं, आणि खळ्यात भात पडलेला. म्हणून उतारावरच उभा केला, चाकांना दगड लावले. बावीस लिटर. मला ती दोन रेघांची खूण आठवली आणि रफिकभाईंना मनोमन दुवा दिला.

जेवायला नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण आणि नवा भात. मनीषा वाढताना सारखी आतल्या खोलीकडे बघत होती. आतून खोकल्याचा आवाज येत होता, आणि मी तो आवाज ओळखत होते. शिट्टी वाजल्यासारखा श्वास. तिची सात वर्षांची मुलगी, गौरी. झोडणीच्या दिवसांत धुळीने तिला दमा होतो. जुन्नरच्या डॉक्टरांनी औषध आणि वाफ द्यायचं मशीन दिलं होतं. दिवसातून तीनदा द्यायचं. मशीन कोनाड्यात होतं, फडक्यात गुंडाळलेलं.

"मग आठ दिवस काय करता?" मी विचारलं.

"सकाळच्या यष्टीनं आपटाळ्याला न्यायची, मावशीकडं. थितं लाईट हाय. येकदाच व्हतं मग. झोडणीबी हाय ना ताई."

ती काही मागत नव्हती, नुसतं सांगत होती. आणि मी, खरं सांगते, गप्प बसले. माझ्या डोक्यात बावीस हा आकडा होता आणि त्यात एक थेंबही जादा नव्हता. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला.

अरविंद म्हणाला, "शैला, जनरेटर माझ्यासाठी चालूच असणार ना? सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तेव्हाच तिलाही बसव. तेवढ्याशा यंत्राने डिझेल कितीसं वाढणार?"

इतकं सोपं होतं ते, आणि मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गौरी ट्रेलरमध्ये आली. समोरच्या पलंगावर मांडी घालून बसली, तोंडावर मास्क. इकडे अरविंद नळी लावून. दोघं एकमेकांकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी मास्क काढल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुमचं औषिद कवा संपनार?"

"माझं नाही संपणार," अरविंद म्हणाला.

तिने विचार केला. "मंग मी रोज येते," ती म्हणाली.

दोन दिवस असे गेले. दुपारी धोंडू आणि अरविंद ओसरीवर बसून गावातल्या प्रत्येक बांधाची हकिगत बोलत. मी मनीषाबरोबर भात झोडायला गेले आणि पेंढी चारदा आपटून दमले. आजूबाजूच्या बायका मनापासून हसल्या. आमच्याकडे पाहुण्याला कामाला हात लावू देत नाहीत. इथे मला दुसऱ्या दिवशी सकाळी 'येताय ना ताई?' म्हणून हाक आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठी टाकीत घातली. सोळाच्या खाचेला टेकली, ठरल्याप्रमाणे. निघायची वेळ. वीज आली नव्हती. वायरमन 'येतो' म्हणून गेला होता. गौरी सकाळची वाफ घेऊन खाली उतरत होती, आणि दोन दिवसांत प्रथमच तिच्या श्वासाला शिट्टी नव्हती.

मी कॅनमधलं दहा लिटर टाकीत ओतलं. "मी जुन्नरहून डिझेल घेऊन येते," मी अरविंदला म्हटलं. "जीप घेऊन एकटी. ट्रेलर इथेच राहू दे. तू राहशील?"

मी दोन वर्षांत त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त एकटं सोडलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं.

"धोंडू आहे," तो म्हणाला. "चार वाजता धूळ वाढते, तेव्हा जनरेटर लावीन. जा तू."

मनीषाला बटण आणि सिलिंडर, दोन्ही दाखवलं आणि निघाले. जुन्नरला तीन कॅन भरून घेतले. बाजारात एका हॉटेलात एकटीने चहा घेतला, कपबशीवर हात ठेवून पाच मिनिटं नुसती बसले. परत येताना आपटाळ्याच्या पुढे टायर पंक्चर झाला, नट गंजलेले, आणि मदतीला दुधाची गाडी येईपर्यंत तासभर गेला. वाडीत फोन लागत नाही. शेवटचा चढ चढले तेव्हा सूर्य कड्याआड गेला होता. साडेपाच.

वाडी दिसताच मी जीप बंद करून खिडकीतून कान दिला. जनरेटरचा आवाज नव्हता.

चारला लावला असता तर चालू असायला हवा होता. दहा लिटर होतं. हवा धरली का? बटण नाही लागलं? मी जीप तिथेच सोडली आणि उतारावरून पळत सुटले, एक चप्पल चिखलात राहिली. ट्रेलरचं दार उघडं, आत कोणी नाही. पलंग रिकामा, मशीनही जागेवर नाही. मी ओरडले, पण काय ओरडले ते आठवत नाही.

धोंडूच्या घरातून मनीषा बाहेर आली. तिच्या मागे, दारातून, पिवळा उजेड अंगणात पडला होता. मी तो उजेड बघितला, तरी कळायला वेळ लागला.

"लाईट आली, ताई! तुमी गेल्या आन् दुपारी लाईट आली."

आत अरविंद भिंतीला टेकून बसला होता. मशीन भिंतीतल्या प्लगला लावलेलं, आणि शेजारी गौरी स्वतःचं यंत्र दुसऱ्या प्लगला लावून मास्कआडून काहीतरी बडबडत होती. अरविंदने माझा चेहरा बघितला, एक पाय चिखलाचा बघितला, आणि उठायला लागला. धोंडूने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः उठून मला पाट दिला.

मला बोलायचं होतं, की जीपमध्ये तीस लिटर डिझेल आहे, की आता त्याचं काय करायचं, की टायर पंक्चर झाला. पण एकही शब्द नीट बाहेर येईना; रडू, हसू आणि धाप, सगळं एकदमच आलं.

धोंडू माझ्यासमोर उकिडवा बसला, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

"बाई," तो म्हणाला, "सांगाल मंग. आदी वाईच दम घ्या."